प्रयोगाची रोपं दुसऱ्या आठवड्यात का मरतात?

तक्रार बहुतेक शाळांत सारखीच असते. आठवी-नववीच्या मुलांनी कपात मूग किंवा मटकी पेरलेली असते, चौथ्या-पाचव्या दिवशी सगळा वर्ग खूश असतो आणि दहाव्या-बाराव्या दिवशी निम्मी रोपं आडवी झालेली असतात. प्रयोग उजेड-अंधाराचा असो, खताचा असो नाहीतर मिठाच्या पाण्याचा, निष्कर्ष काढायला रोपंच उरत नाहीत. मग जर्नलमध्ये पुस्तकातलं उत्तर उतरवलं जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मुलांनी काळजी घेतली नाही असं म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर बहुतेक कपांची काळजी जरा जास्तच घेतली गेलेली असते, ते कसं हे पुढे येईलच.

आधी उपटून बघा

मेलेलं किंवा मरायला टेकलेलं रोप लगेच कचऱ्यात टाकू नका. मातीसकट अलगद बाहेर काढा, पाण्यात हलवून मूळ धुवा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. कारण वेगळं असेल तर खूणही वेगळ्या जागी दिसते.

खोड मातीलगत चिमटल्यागत बारीक झालंय, तिथे पाणीदार तपकिरी डाग आहे आणि वरची पानं मात्र अजून हिरवी आहेत, तर ती बुरशी. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत याला रोपं कोलमडणं म्हणतात. शेतकरी घरातल्या मुलांना हा रोग नावानिशी माहीत असतो. मूळ तपकिरी आणि मऊ झालंय, ओढल्यावर त्याची साल हातात येते, कुजका वास येतो, तर पाणी साचून मूळ गुदमरलंय. मूळ पांढरं आणि टणक आहे पण माती कपाच्या कडेपासून सुटलीय, तर रोप कोरडं पडलंय, बहुधा शनिवार-रविवारात. खोड लांबच लांब, फिकट आणि मधेच वाकलेलं, पण मातीलगतचा भाग धडधाकट, तर रोग वगैरे काही नाही. उजेड कमी पडला, रोप उंच गेलं आणि स्वतःच्याच वजनाने पडलं. पानांच्या कडा करपल्या असतील, मुळांची टोकं काळी पडली असतील आणि मातीवर पांढरट थर असेल तर खत किंवा मीठ जास्त झालंय.

उरला एक प्रकार. मूळ ठीक, खोड ठीक, बुरशी नाही, तरी रोप पिवळट आणि वाढ थांबलेली. हे रोप कापसावर वाढवलेलं असेल तर ते उपाशी आहे. मुगाची पहिली आठवडाभराची वाढ ही बीजपत्रांत, म्हणजे दाण्याच्या दोन जाड फाकांत, भरलेल्या शिदोरीवर होते. शंभर दाण्यांचं वजन साधारण ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे एका दाण्यात किती माल असणार ते मुलांनाच काढू द्या. आठ-दहा दिवसांत दोन्ही बीजपत्रं सुरकुततात आणि गळतात. तोवर खरी पानं कामाला लागलेली असली तरी कापसातून आणि साध्या पाण्यातून नत्र, पालाश, लोह फारसं काही मिळत नाही. संकट नेमकं दुसऱ्या आठवड्यातच का येतं, याचं एक कारण हे. म्हणून कापसावरचा प्रयोग आठवड्याच्या आत संपवायचा, पुढचं हवं असेल तर मातीत पेरायचं.

हाच भाग मुद्दाम प्रयोग म्हणून करता येतो. बीजपत्रं नुकती उघडली की काही रोपांची दोन्ही खुडायची, काहींचं एक, काहींची तशीच ठेवायची. फरक काही दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसतो.

पाणी

बहुतेक शाळांत खरा दोष इथेच निघतो, म्हणून यावर जरा थांबतो.

चाळीस मुलांच्या वर्गात खिडकीत कप ठेवले की येता-जाता प्रत्येक जण थोडं थोडं पाणी घालतो. ज्याचा कप आहे तो घालतो, त्याचा मित्र घालतो, दुपारच्या सुट्टीत डबा धुताना कुणीतरी उरलेलं ओततं, संध्याकाळी झाडायला येणाऱ्या मावशी रोपं कोमेजू नयेत म्हणून वरून घालतात. कपाला खाली भोक नसतं. त्यात माती भरलेली असते शाळेमागची काळी. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि तिच्यातल्या मोकळ्या जागा बंद होतात. वाळली की भेगा पडतात. शेतात ही जमीन सोनं पिकवते, पण कपात तिचा फक्त चिखल होतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ती स्थिती त्या कपात कधी येतच नाही.

मुळं फक्त पाणी पितात असं मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. मूळही श्वसन करतं आणि त्याला ऑक्सिजन लागतो, हे वाचलेलं असतं पण कपाशी जोडलेलं नसतं. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीतल्या मोकळ्या जागा पाण्याने भरल्या की मुळापर्यंत हवा पोचायची वाटच बंद होते. आधी केसमुळं जातात, मग टोकं. गंमत अशी, की मुळं मेलेल्या रोपाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं कोमेजतात. कोमेजलेलं दिसतं म्हणून मुलं आणखी पाणी घालतात.

वर्गाला हे पटवायचा उत्तम मार्ग म्हणजे भात. भोक नसलेल्या दोन सारख्या भांड्यांत चिखल करा, मातीवर बोटभर पाणी ठेवा. एकात चार-पाच दिवसांची मुगाची रोपं लावा, दुसऱ्यात भाताची. मूग काही दिवसांत पिवळा पडून बसतो, भात उभा राहतो. भाताच्या खोडा-मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, मुगाला ती सोय फारशी नाही. साळ मात्र टरफलासकट शेतकऱ्याकडूनच आणा. दुकानातला तांदूळ पॉलिश करताना त्याचा अंकुर गेलेला असतो, तो कधीच उगवणार नाही. दरवर्षी कुणीतरी तो पेरतंच.

आता उपाय. भांड्याला तळाशी तीन-चार भोकं, तापवलेल्या दाभणाने, आणि ती शिक्षकांनीच पाडायची. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक कपांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा ते सोडाच. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, अर्ध्या कापलेल्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, सगळं चालतं. फक्त एका प्रयोगातली सगळी भांडी एकाच मापाची हवीत. एका गटाची करवंटी आणि दुसऱ्याची दोन लिटरची बाटली असेल तर तुलना तिथेच संपली.

माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत समान भाग घ्या. कच्चं शेण घालू नका, ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं करपवतं. हल्ली बांधकामावरून येते ती बहुतेक क्रश सँड. तिच्यात दगडाची भुकटी असते आणि ती भोकं बुजवते, म्हणून चाळून, नितळ पाणी येईपर्यंत धुवा. कोकणातल्या शाळांनी किनाऱ्यावरची वाळू आणली तर तिच्यातलं मीठ जाईपर्यंत दोन-चार पाण्यांतून काढायला हवी.

पाणी किती, याचा आकडा कुणी विचारला तर मी देत नाही, कारण तो हवेवर आणि मातीवर ठरतो. पद्धत मात्र सांगता येते. भांड्याला भरपूर पाणी घाला, खालून निथळू द्या, आणि निथळणं थांबलं की वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. हे झालं भरलेलं वजन. रोज तोलायचं, आणि मातीचा वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा लागेल तेव्हाच, घटलेल्या वजनाइतकं पाणी सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घालायचं. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर, हिशोब सोपा आहे. शेजारी त्याच मातीचं पण बिनरोपाचं एक भांडं ठेवलंत तर नुसत्या बाष्पीभवनाची घट मिळते, आणि दोन्हींतला फरक म्हणजे रोपाने पानांवाटे सोडलेलं पाणी. बाष्पोच्छ्वासाचा प्रयोग वेगळा मांडायची गरज उरत नाही.

पाळी लावा. गटातल्या एकाने, दिवसातून एकदा, आणि तक्त्यावर सही. बाकी कुणीही हात लावायचा नाही. शिपाईमामांना आणि मावशींना हे नीट समजावून सांगा. नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही, कारण रोप कोमेजलेलं दिसलं की माणसाचं मन राहत नाही.

शनिवार-रविवारासाठी वात. परकराची सुती नाडी यासाठी फार चांगली: आधी पूर्ण भिजवून घ्यायची, एक टोक मातीत खोलवर आणि दुसरं खाली ठेवलेल्या पाण्यात. सोमवारी वात काढून टाका, नाहीतर माती कायम ओली राहते आणि आपण पुन्हा पहिल्या पदावर येतो. गणपतीची सुट्टी अशा वातीवर निभावते. दिवाळीच्या सुट्टीवर कुठलाच प्रयोग टांगून ठेवू नका.

बुरशी, आणि जी बुरशी नसते ती

रोपं कोलमडवणाऱ्या बुरश्या, पिथियम आणि रायझोक्टोनिया, मातीत असतातच. त्यांना थारा मिळतो तो सततची ओल, दाटी आणि कोंडलेली हवा यांमुळे. पाणी आटोक्यात आलं की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी: वाळूवर उकळतं पाणी ओतून ती निथळून थंड होऊ द्या, फुटके आणि भोक पडलेले दाणे काढून टाका, दोन दाण्यांत दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा, उगवण झाली की वरचं झाकण किंवा प्लास्टिक काढा. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा मिळते, ही बुरशी रोगाच्या बुरशीला दाबते. वापरायची तर सगळ्या भांड्यांत सारखी वापरा, फक्त आजारी दिसणाऱ्यांत नको. रासायनिक बुरशीनाशक मुलांच्या हातात देऊ नये.

आता एक घोटाळा जो फार होतो. ओल्या कागदावर मोहरी, मेथी किंवा मूग रुजला की मुळावर पांढरी लव दिसते. मुलं म्हणतात बुरशी लागली, आणि चांगली रोपं फेकून देतात. ती मूलरोमं, म्हणजे मुळावरचे बारीक केस असतात, जी बघायला मिळावीत म्हणून पुस्तकात आकृती दिलेली असते. ओळखायची कशी? मूलरोमं मुळाच्या टोकाच्या थोडं मागे, एका पट्ट्यात, सगळीकडे सारख्या लांबीची असतात. टोक स्वतः गुळगुळीत असतं. मूळ पाण्यात बुडवलं की ती चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी टरफलावर किंवा मेलेल्या दाण्यावर वेडीवाकडी वाढते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि नंतर तिच्यावर काळे-करडे ठिपके येतात. फेकण्याआधी बघा, एवढंच.

उगवलंच नाही तर

डाळ पेरली असेल तर उगवणार नाही, भरडताना अंकुर तुटतो. सालासकटची डाळही डाळच. भुंग्याने पोखरलेले दाणे बहुतेक पाण्यावर तरंगतात, ते काढा. रात्रभर भिजवूनही टणक राहिलेले गणंग दाणे मेलेले नसतात, त्यांचं टरफल पाणी आत घेत नाही. पॉलिश पेपरवर हलकेच घासले की त्यातले बरेच फुगतात. कोथिंबिरीला वेळ लागतो, आठवडा ते दोन आठवडे, आणि धणे रगडून दोन करावे लागतात. मुलांचा धीर तेवढा टिकत नाही, म्हणून पहिल्या प्रयोगाला धणे घेऊ नयेत.

कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी किंवा निळसर रंग दिलेलं बियाणं शाळेत आणू नका. तो रंग औषध चोळल्याची खूण आहे. मुलं तोंडात टाकतात, त्याच हाताने डबा खातात.

आणि प्रत्येक गटाला एकच बी देऊ नका. मुगाच्या प्रमाणित बियाण्यालाही कायद्याने उगवणीची किमान अट ७५ टक्के आहे. किराणा दुकानातल्या मुगाला कसलीच अट नाही. म्हणजे नियमातल्या चांगल्या बियाण्यातही चारातला एक दाणा न उगवणं माफ आहे. एकेका दाण्यावर विसंबलेल्या वर्गात चार गटांमागे एक गट रिकाम्या मातीकडे बघत बसणार. गटाला दहा दाणे, त्यातले रोपं झाल्यावर सारखे पाच ठेवायचे आणि बाकीची विरळणी करायची, पण किती उगवले ते आधी लिहून. मेलेल्या रोपांची नोंदही तक्त्यातच राहिली पाहिजे. मुलं ती हळूच गाळतात आणि मग प्रत्येक खत सरस ठरतं.

रोपं जगली, पण निकाल उलटा आला

अंधारातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच निघतात. दरवर्षी. मुलं लिहितात, ‘अंधारात वाढ जास्त होते’, आणि मोजपट्टीप्रमाणे ते बरोबरच असतं. चूक मापात आहे. अंधारातलं रोप उजेड शोधत खोड लांबवतं, साठवलेलं अन्न जाळत राहतं, नवीन काही तयार करत नाही. हे उंचीत दिसणार नाही, कोरड्या वजनात दिसेल. पन्नास दाणे अंधारात, पन्नास उजेडात, आणि तिसरे पन्नास दाणे न पेरता तसेच ठेवा. दोन आठवड्यांनी रोपं मुळांसकट काढून, वाळू धुऊन, कागदावर उन्हात वाळवा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की वाळली. अंधारातली उंच रोपं पेरलेल्या दाण्यांपेक्षाही हलकी भरतात. पहिल्या आठवड्यात उजेडातलीही हलकी भरू शकतात, कारण पानं नुकतीच कामाला लागलेली असतात. म्हणून दोन आठवडे हवेत, आणि म्हणूनच वर पाण्याचं एवढं पुराण लावलं.

खताचा प्रयोग. ‘चमचाभर युरिया’ हे या प्रयोगातलं ठरलेलं माप, आणि रोपं ठरल्याप्रमाणे मरतात. मुलांकडून हिशोब करून घ्या. युरियाची गोणी ४५ किलोची. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ८०० टन. गोणीभर युरिया एकराला टाकला तर किलोभर मातीला सुमारे ०.०५६ ग्रॅम पडतो. चमच्यात ५ ग्रॅम आणि कपात २०० ग्रॅम माती, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. शेतापेक्षा चारशे पटींहून जास्त! तेव्हा कपाला युरिया थेट घालायचाच नाही. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम विरघळवा आणि ते पाणी आठवड्यातून एकदा मोजून द्या. मिठाचंही तसंच: लिटरला १, २ आणि ४ ग्रॅम अशी चढती मापं ठेवली तर हळूहळू होणारा परिणाम दिसतो, मूठभर मीठ टाकलं तर फक्त मरण दिसतं. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना क्षारपड जमीन ठाऊक असते, त्यांना हा प्रयोग आपला वाटतो.

मुलं कोल्ड्रिंक, दूध, चहा घालून बघू म्हणतात. घालू द्या एखाद्या कपात, पण साखरेवर बुरशी येणार आणि तो कप इतरांपासून लांब ठेवावा लागणार हे आधीच सांगा.

नत्राच्या कमतरतेचा प्रयोग मुगावर करू नका. शेंगवर्गीय पीक आहे. मातीत योग्य जिवाणू असले तर दोन-तीन आठवड्यांत मुळांवर गाठी येतात आणि रोप हवेतलं नत्र वापरू लागतं. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. नत्रासाठी गहू, मोहरी किंवा टोमॅटो घ्या. कुठल्याही मूलद्रव्याच्या कमतरतेसाठी बारीक बीच बरं, कारण मोठ्या दाण्यातला साठा कमतरता बरेच दिवस झाकून ठेवतो. असे प्रयोग मातीऐवजी, एखादं मूलद्रव्य गाळून केलेल्या पोषक द्रावणात करतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, त्यामुळे ‘कॅल्शियम नसलेल्या’ द्रावणात ते नळातूनच येतं. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं ॲसिड नव्हे) किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. द्रावणाच्या बाटलीला काळा कागद गुंडाळायला विसरलात तर आत शेवाळ माजतं आणि द्रावणातली मूलद्रव्यं तेच खातं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय, वरची कोवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाचा.

कुठला प्रयोग कधी

पावसाळ्यात कोकणात जलानुवर्तन करायला घेऊ नका. चाळणीत ओला भुसा भरून बिया पेरायच्या, मुळं खाली बाहेर येतात आणि ओलाव्याकडे परत वळतात, हा तो प्रयोग. बाहेरची हवाच दमट असेल तर मुळाला वळायचं कारण राहत नाही, ते गुरुत्वाकर्षणाप्रमाणे सरळ खाली जातं. हा प्रयोग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ठेवा. पावसाळ्यात त्याऐवजी मुळं गुरुत्वाकर्षणाप्रमाणे खाली कशी वळतात ते बघा, आणि त्यासाठी अळीव घ्या, तेच जे बाळंतिणीच्या लाडवात घालतात. भिजलं की त्याला चिकट थर येतो आणि ते ओल्या कागदावर उभं चिकटून राहतं. सीडीच्या जुन्या पारदर्शक कव्हरमध्ये ओला टीपकागद, त्यावर अळिवाची ओळ, कव्हर उभं. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की कव्हर काटकोनात फिरवायचं. काही तासांत टोकं वळायला लागतात. सकाळच्या पहिल्या तासाला फिरवलं तर शाळा सुटेपर्यंत बहुधा दिसतं. सगळा प्रयोग चार-पाच दिवसांत आटोपतो, म्हणजे रोपं मरायचा आठवडा येतच नाही. शनिवारी मात्र पेरू नका, सोमवारी पेरा.

प्रकाशानुवर्तनालाही अळीव चालतं. खोका आतून काळा करा, भोक बाजूला पाडा, आणि झाकणाच्या फटीतून उजेड येत नाही ना ते खोका डोळ्याशी धरून तपासा. निम्मे खोके तिथेच गळतात.

मुगाला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा विदर्भातल्या रात्री दहा अंशांकडे जातात, मूग रेंगाळतो आणि रेंगाळलेलं बी कुजतं. तेव्हा गहू, हरभरा, मेथी, मोहरी घ्या. हरभऱ्याचा आणखी एक फायदा, त्याची बीजपत्रं मातीतच राहतात आणि मुगाची वर येतात. दोन्ही शेजारी पेरली की हा फरक सांगावा लागत नाही. डिसेंबरात गॅदरिंगची तालीम सुरू झाली की प्रयोगशाळेत पेट्या-पडदे येतात आणि रोपं कुठल्या तरी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली जातात, तेवढे दिवस सोडूनच द्या. दहावीचा वर्ग जानेवारीनंतर यात नसतो, हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं करूनही रोपं मरत असतील तर मातीवर संशय घ्या. नर्सरीतून आणलेल्या मातीत तणनाशक असू शकतं, खत अर्धकच्चं असू शकतं, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, न धुतलेलं आणि खारट असू शकतं. दोन भांडी घ्या, एकात ती माती, दुसऱ्यात धुतलेली वाळू. दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरा आणि पाणी सारखं द्या. पाच-सहा दिवसांत वाळूतली मेथी सरळ उभी आणि मातीतली वेडीवाकडी किंवा गायब असेल तर माती बदला. मेथी दोन्हींकडे चांगली आली तर माती निर्दोष आहे, आणि पाळीच्या तक्त्यावरच्या सह्या पुन्हा एकदा तपासायला हव्यात.